सोबत कोण आहे?



आपल्याकडे कुठल्याही सरकारी दवाखान्यात पेशंट आणला की केसपेपर निघायच्या आत एक प्रश्न येतो. कधी तो सिस्टर विचारते, कधी वॉर्डातल्या मावशी, कधी शेजारच्या खाटेवरच्या आजी. ‘सोबत कोण आहे?’ औषधाच्या चिठ्ठ्या घेऊन खाली पळायला, घरून आलेला डबा उघडून द्यायला, रात्री सलाईन संपत आली की ड्युटीवरच्यांना उठवायला, डॉक्टर जाता जाता जे चार शब्द बोलले ते लक्षात ठेवायला, सोबत कोण आहे? या प्रश्नात आपल्या व्यवस्थेचा दुबळेपणा दडलेला आहे, हे मी आधीच कबूल करतो. पगारी माणसानं करायची कामं आपण नातेवाइकांच्या गळ्यात घालतो. पण त्यात एक जुनी समजही आहे. आजारी माणूस एकटा नसतो, एकटा नसावा, आणि एकटा असेल तर ती काळजीची बाब आहे, ही ती समज. आज मला बोलायचं आहे ते हा प्रश्न न विचारणाऱ्या, निदान फार उशिरा विचारू लागलेल्या एका श्रीमंत देशाविषयी.

विषयाचं अधिकृत नाव रुक्ष आहे: दुर्गम भागातल्या मूळ रहिवाशांसाठी वैद्यकीय प्रवाससाहाय्य. ऐकताना टीए-डीएच्या बिलाची आठवण यावी असं नाव. विमानाचं तिकीट, टॅक्सीचं भाडं, राहण्या-जेवण्याचा खर्च, अर्ज, मंजुरी, पावत्या. यात व्याख्यान देण्यासारखं काय आहे, असं कुणाच्या मनात आलं असेल तर ते स्वाभाविकच आहे. माझं म्हणणं असं, की सरकार आपल्या सर्वांत दूरच्या नागरिकाला काय समजतं हे राज्यघटनेच्या उद्देशिकेत शोधण्यापेक्षा या बिलात शोधावं. तिथं ते लवकर सापडतं. त्या बिलात पेशंट नावाचा देह मोजलेला असतो. माणूस मोजला आहे का, हे ‘सोबती’ नावाच्या रकान्यावरून कळतं.

आधी थोडा भूगोल, कारण भूगोलाशिवाय हा प्रश्न समजणारच नाही. कॅनडाच्या उत्तर टोकाला नुनावुत नावाचा प्रदेश आहे. इनुक्टिटुट भाषेत या शब्दाचा अर्थ ‘आमची भूमी’. १ एप्रिल १९९९ रोजी तो वेगळा प्रदेश झाला. तिथं राहणारे बहुसंख्य लोक इनुइट. आपल्या शाळेच्या पुस्तकात त्यांना ‘एस्किमो’ म्हटलेलं असायचं. त्यांना स्वतःला ते नाव आवडत नाही, तेव्हा आपणही ते सोडून देऊ. या प्रदेशाचं क्षेत्रफळ वीस लाख चौरस किलोमीटरांहून जास्त आहे, म्हणजे साधारण सात महाराष्ट्र त्यात मावतील. आणि २०२१च्या जनगणनेप्रमाणे लोकसंख्या ३६,८५८. आपल्याकडचं एखादं तालुक्याचं गाव सात महाराष्ट्रांवर विखरून टाकावं, तसं. वस्त्या एकूण पंचवीस. एका वस्तीतून दुसऱ्या वस्तीत जाणारा रस्ता नाही, दक्षिणेकडून तिथं जाणाराही नाही. उन्हाळ्यात बर्फ फुटलं की जहाज येतं. एरवी विमान, आणि विमानाचं सारं हवामानाच्या मर्जीवर. जवळपास प्रत्येक वस्तीत आरोग्यकेंद्र आहे, ते परिचारिका चालवतात. डॉक्टर अधूनमधून येऊन जातात. रुग्णालय म्हणावं असं एक, राजधानी इकालुइतला. त्याच्या आवाक्याबाहेरचं जे काही असेल त्यासाठी दक्षिणेकडच्या शहरात जायचं. पूर्वेकडच्यांनी ओटावाला, मधल्या पट्ट्यातल्यांनी विनिपेगला, पश्चिमेकडच्यांनी यलोनाइफ किंवा एडमंटनला.

इकालुइतहून ओटावा सुमारे २,१०० किलोमीटर. पण इकालुइत ही राजधानी, तिथले लोक तुलनेनं सुखी. अगदी वर ग्रीज फियर्ड नावाची वस्ती आहे. लोकसंख्या दीडशेच्या आतबाहेर. हिवाळ्यात तिथं तीन महिन्यांहून जास्त काळ सूर्य उगवत नाही. तिथून ओटावा सरळ रेषेत सुमारे ३,४०० किलोमीटर, आणि विमानं काही सरळ रेषेत नेत नाहीत. आधी छोटं विमान, मग त्याहून मोठं, मग आणखी मोठं. मध्ये वादळ आलं तर वाटेतल्या एखाद्या वस्तीत दोन-तीन रात्री मुक्काम. कन्याकुमारीहून श्रीनगरला दातांच्या किंवा डोळ्यांच्या डॉक्टरकडे जावं लागलं तर? अंतराचा अंदाज यावा म्हणून उदाहरण दिलं. त्यातही फरक आहे: आपल्या या प्रवाशाला वाटेत हजार गावं लागतील, हजार ठिकाणी चहा मिळेल.

आता मुद्द्याकडे येतो. हे अंतर आलं कुठून? प्रश्न विचित्र वाटेल. अंतर हे असतंच, ते निसर्गाचं देणं, असं आपण धरून चालतो. ‘लोक लांब राहतात, त्याला सरकार काय करणार?’ हे वाक्य कॅनडात जितकं ऐकू येतं तितकंच आपल्याकडेही. मला या वाक्याशीच भांडायचं आहे. लोक लांब राहतात, पण कशापासून लांब? इनुइट माणसं पिढ्यान् पिढ्या आपल्या शिकारीच्या, मासेमारीच्या प्रदेशाच्या अगदी मध्यावर राहत होती. ती कशापासूनही लांब नव्हती. रुग्णालय लांब बांधलं गेलं, तेव्हा ती लांब झाली. काहींच्या बाबतीत तर इतकाही आडपडदा नाही. ग्रीज फियर्डचंच घ्या. ही वस्ती आपोआप वसलेली नाही. १९५३ साली कॅनडा सरकारनं क्वेबेकच्या उत्तरेकडच्या इनुकजुआकमधून काही इनुइट कुटुंबं उचलली आणि सुमारे २,००० किलोमीटर वर नेऊन ग्रीज फियर्ड आणि रेझोल्युट इथे सोडली. १९५५ साली आणखी काही नेली. तिथं शिकार भरपूर आहे आणि नाही आवडलं तर दोन वर्षांनी परत आणू, असं सांगितलं होतं. परत आणलं नाही. शीतयुद्धाच्या त्या दिवसांत उत्तर ध्रुवाजवळच्या बेटांवर कॅनडाचा हक्क दाखवायला तिथं कॅनडाची माणसं असणं सोयीचं होतं. आम्हाला निशाणाच्या काठीसारखं रोवलं, ही त्या कुटुंबांची तक्रार होती, आणि १९९४ साली एका शाही आयोगानंही सार्वभौमत्वाचा हेतू त्यामागं होता असाच निष्कर्ष काढला. २०१० साली सरकारनं माफी मागितली. तेव्हा ग्रीज फियर्डच्या बाईचं ओटावाचं तिकीट महाग पडतं असं जेव्हा कुणी अधिकारी म्हणतो, तेव्हा त्याला विचारावंसं वाटतं: बाबा रे, तिला तिथं नेलं कुणी?

नेलं कशानं, हेही सांगण्यासारखं आहे. त्या कुटुंबांना उत्तरेकडे घेऊन निघालेल्या जहाजाचं नाव ‘सी. डी. हाऊ’. १९५० साली ते सेवेत आलं आणि दर उन्हाळ्यात पूर्वेकडच्या किनाऱ्यावरच्या वस्त्यांना भेट देऊ लागलं. त्यावर टपाल असे, सामान असे, पोलीस असत; आणि डॉक्टर असत, क्ष-किरण यंत्र असे. क्षयरोगानं तेव्हा त्या भागात थैमान घातलं होतं. जहाज नांगर टाकी, वस्तीतली माणसं तपासायला जहाजावर चढवली जात. ज्यांच्या छातीत डाग दिसला त्यांतल्या अनेकांना पुन्हा किनाऱ्यावर उतरू दिलं नाही. मागं राहिलेल्या तान्ह्या मुलाला कुणाच्या हाती द्यायचं, कुत्री कोण सांभाळणार, हे सांगायलाही सवड मिळाली नाही. जहाज त्यांना घेऊन दक्षिणेला गेलं. १९५६च्या सुमारास परिस्थिती अशी होती, की कॅनडातल्या साधारण दर सात इनुइट माणसांपैकी एक दक्षिणेतल्या सॅनेटोरियममध्ये होता. हॅमिल्टन शहरातल्या एकाच सॅनेटोरियममध्ये त्या काळात हजाराहून अधिक इनुइट येऊन गेले. मुक्काम महिन्यांचा नव्हे, दोन-दोन, अडीच-अडीच वर्षांचा. भाषा कळत नाही, अन्न वेगळं, आणि घरच्यांना पत्ता नाही. सरकारी दफ्तरात माणसाची ओळख नावानं नव्हे तर गळ्यात अडकवायच्या बिल्ल्यावरच्या क्रमांकानं ठेवलेली. क्रमांक चुकला, की माणूस हरवला. कित्येक मुलं बरी होऊन परतली तेव्हा स्वतःच्या आईची भाषा विसरलेली होती. कित्येक परतलीच नाहीत, आणि ती कुठं पुरली गेली हेही घरच्यांना कुणी कळवलं नाही.

इथं थोडं थांबून एक गोष्ट कबूल करायला हवी, नाहीतर मी वकिली करतोय असं होईल. त्या जहाजानं जीव वाचवले. क्षयावर स्ट्रेप्टोमायसिनसारखी औषधं नुकतीच आली होती, ती सॅनेटोरियममध्ये मिळत होती, वस्तीत नव्हती. जहाजावरच्या डॉक्टरांना वाईट माणसं म्हणण्यात अर्थ नाही. त्यातले पुष्कळजण मनापासून राबत होते. आणि नेमकं हेच मला भयंकर वाटतं. हेतू चांगला, औषध चांगलं, प्रवास फुकट. वैद्यकीय प्रवाससाहाय्याच्या कुठल्याही व्याख्येत ते जहाज बसतं! राहण्याचा खर्च सरकारचा, जेवणाचा सरकारचा. काय राहिलं होतं? ‘सोबत कोण आहे?’ हा प्रश्न राहिला होता. देह नेला, माणूस किनाऱ्यावरच ठेवला.

जहाज १९६९च्या सुमारास बंद झालं, विमानं आली. प्रश्न सुटला का? आजची व्यवस्था अशी आहे. ‘फर्स्ट नेशन्स’ या मूळनिवासी समाजांत नोंदलेले लोक आणि इनुइट यांच्यासाठी केंद्र सरकारची एक पूरक आरोग्ययोजना आहे. औषधं, चष्मे, दात आणि प्रवास तिच्यात येतात. (मेटिस नावाचा तिसरा मूळनिवासी समाज आहे, तो या योजनेत नाही, त्याची कहाणी वेगळी.) औषधांच्या बरोबरीनं सर्वांत मोठा खर्च प्रवासाचा आहे. नियम असा, की उपचार वस्तीत मिळत नसेल तर सर्वांत जवळच्या योग्य ठिकाणी जाण्याचा खर्च मिळेल. आधी मंजुरी घ्यावी लागेल. दुसरं कुणी पैसे देत असेल तर आम्ही देणार नाही. आणि सोबती? सोबती हवा असेल तर कारण दाखवावं लागतं. पेशंट अल्पवयीन आहे, अपंग आहे, त्याला इंग्रजी कळत नाही, त्याच्या वतीनं संमती द्यायला कुणी कायदेशीर माणूस लागतं, किंवा घरी गेल्यावर करायच्या उपचाराचं शिक्षण घ्यायला कुणीतरी हवं. ही कारणं वाचताना एक गोष्ट ध्यानात येते. यात भीती हे कारण नाही. एकटेपणा हे कारण नाही. कॅन्सर झाला आहे असं आजच ऐकलं आणि रात्री परक्या शहरात भिंतीकडे बघत बसायचं आहे, हे कारण नाही. फॉर्म भरणाऱ्याची ही चूक नव्हे. फॉर्ममध्ये तो रकानाच नाही.

या रकान्याची सर्वांत मोठी किंमत बायकांनी मोजली. गेल्या शतकाच्या साठीच्या-सत्तरीच्या दशकांत बाळंतपण सुरक्षित व्हावं म्हणून धोरण आलं, की दुर्गम वस्तीतल्या गर्भवतीनं छत्तिसाव्या ते अडतिसाव्या आठवड्याच्या सुमारास विमानानं दक्षिणेला जायचं आणि बाळंत होऊनच परतायचं. म्हणजे तीन-चार आठवडे, कधी त्याहून जास्त, परक्या शहरातल्या निवासात दिवस मोजत बसायचं. घरी धाकटी मुलं. नवरा सोबत नाही, आई नाही, सुईण नाही. आपल्याकडे पहिलं बाळंतपण माहेरी करायची रीत आहे. त्या रीतीत खर्चाचा आणि मानपानाचा कितीही घोळ असो, तिच्या बुडाशी एक साधी गोष्ट आहे: त्या दिवसांत बाईच्या आसपास तिची माणसं असावीत. कॅनडातल्या धोरणानं नेमकं उलट केलं. सुरक्षिततेसाठी बाईला तिच्या सगळ्या माणसांपासून दूर नेलं. आणि ही व्यवस्था दशकानुदशकं चालली. बाळंतपणासाठी जाणाऱ्या प्रत्येक बाईला, वेगळं कारण न दाखवता, एक सोबती नेता येईल, हा निर्णय झाला २०१७ साली. परत सांगतो, २०१७ साली. माणूस चंद्रावर जाऊन आल्याला तेव्हा अठ्ठेचाळीस वर्षं झाली होती.

लहान मुलांची गोष्ट याहून कठीण आहे. क्वेबेक प्रांतात अत्यवस्थ रुग्णांना उत्तरेकडून विमानानं आणणारी सरकारी सेवा १९८१पासून आहे. तांत्रिकदृष्ट्या उत्तम. पण तिचा शिरस्ता असा होता, की विमानात आई-बापांना जागा नाही. मूल एकटं यायचं. तापानं फणफणलेलं, श्वास घेता न येणारं, फक्त इनुक्टिटुट किंवा क्री भाषा समजणारं दोन-तीन वर्षांचं मूल मॉन्ट्रियलच्या रुग्णालयात अनोळखी माणसांमध्ये डोळे उघडायचं. आई मागाहून प्रवासी विमानानं यायची, जेव्हा जागा मिळेल तेव्हा. डॉक्टरांना आजाराचा इतिहास विचारायला माणूस नाही, संमतीला माणूस नाही, आणि रडणाऱ्या मुलाचा हात धरायला माणूस नाही. मॉन्ट्रियलच्या काही बालरोगतज्ज्ञांनी २०१८च्या जानेवारीत ‘माझा हात धर’ अशा अर्थाचं नाव देऊन मोहीम उघडली, आणि काही महिन्यांत शिरस्ता बदलला. इतकी वर्षं काय सांगितलं जात होतं? जागा नाही, सुरक्षेचे नियम आहेत, विम्याचा प्रश्न आहे. बदलायचं ठरल्यावर जागा झाली.

आता आक्षेपांकडे वळतो. समोर बसलेल्यांपैकी काहींच्या चेहऱ्यावर ते मला दिसत आहेत. पहिला आक्षेप खर्चाचा. एका पेशंटच्या तिकिटाला जिथं आपल्या रुपयांत लाखाच्या घरात पैसे पडतात, तिथं दुसरं तिकीट कुठून आणायचं? उत्तरात मला दयेचं आवाहन करायचं नाही, हिशेबच करायचा आहे. एकटं जाण्याच्या भीतीनं जो पेशंट तपासणी टाळतो, तो सहा महिन्यांनी अत्यवस्थ होऊन खास रुग्णविमानानं नेला जातो, आणि ते विमान साध्या तिकिटाच्या कैक पट महाग. डॉक्टरांच्या सूचना न समजता परतलेला पेशंट पुन्हा येतो. सोबतीचं तिकीट वाचवल्याचा आकडा एका खात्यात दिसतो. ते न दिल्याचा खर्च दुसऱ्या खात्यात, दुसऱ्या वर्षी दिसतो. दोन्ही आकडे एका पानावर कुणी मांडत नाही, म्हणून काटकसर झाली असं वाटतं.

दुसरा आक्षेप गैरवापराचा. उपचाराच्या नावाखाली लोक शहरात फिरायला, खरेदीला जातात. जात असतील काही. आपल्याकडे एलटीसीच्या बिलांचं काय होतं ते या सभागृहात सांगायची गरज नाही. तरी एलटीसी बंद करा असं आपण म्हणत नाही. शिवाय हा संशय किती असमान आहे पाहा. राजधानीतल्या माणसाला रुग्णालय दहा मिनिटांवर आहे, तो संध्याकाळी बायकोला सोबत घेऊन डॉक्टरकडे जातो, येताना भाजी घेतो. त्याच्यासाठी करांच्या पैशातून रुग्णालय, रस्ता, बस, पार्किंग सगळं आधीच बांधून ठेवलेलं आहे. त्याचं प्रवाससाहाय्य सिमेंटमध्ये ओतलं गेलं आहे, म्हणून ते दिसत नाही. उत्तरेकडच्या बाईचं प्रवाससाहाय्य पावतीवर येतं, म्हणून तिला दरवेळी पुरावा द्यावा लागतो, आणि कारण न देता विमान चुकवलं तर पुढचा खर्च तिच्याच अंगावर पडू शकतो.

तिसरा आक्षेप सगळ्यांत जुना. मग त्यांनी शहरात यावं. इतक्या लांब राहण्याचा हट्ट कशाला? याचं अर्धं उत्तर ग्रीज फियर्डच्या इतिहासात येऊन गेलं. उरलेलं अर्धं असं, की देशाला ती जमीन हवी आहे, तिच्यावरचा हक्क हवा आहे, तिच्या पोटातलं सोनं-लोखंड हवं आहे. आणि त्या जमिनीवर राहणारी माणसं मात्र दवाखान्याच्या सोयीसाठी तिथून उठावीत? फर्स्ट नेशन्सच्या बाबतीत तर करारच आहे. १८७६ सालच्या सहाव्या करारात सरकारी प्रतिनिधीच्या घरी लोकांच्या उपयोगासाठी औषधांची पेटी ठेवली जाईल असं कलम आहे. जमिनीच्या बदल्यात जे मिळायचं होतं त्यात ती पेटी होती. त्या पेटीचा आजचा अर्थ आरोग्यसेवा, असं करारातले लोक म्हणतात. ही आमची कायदेशीर बांधिलकी नव्हे, धोरण म्हणून आम्ही देतो, असं सरकार म्हणत आलं आहे. धोरण म्हणून दिलेलं धोरण म्हणून काढूनही घेता येतं, हा त्या वाक्याचा दुसरा अर्थ.

आणि पैसे कोणी द्यायचे हा वाद किती जीवघेणा ठरतो, त्याचा दाखला कॅनडात लहान मुलांच्या पुस्तकांपर्यंत पोचला आहे. जॉर्डन रिव्हर अँडरसन हा नॉर्वे हाऊस क्री नेशन या फर्स्ट नेशन्सपैकी एका समाजाचा मुलगा १९९९ साली गुंतागुंतीचा आजार घेऊन जन्मला. घरच्या वस्तीत त्याच्या उपचाराची सोय नव्हती, म्हणून तो विनिपेगच्या रुग्णालयात राहिला. दोन वर्षांनी डॉक्टर म्हणाले, आता याला घरच्यासारख्या ठिकाणी ठेवता येईल. पण घरी लागणाऱ्या सेवेचा खर्च केंद्रानं करायचा की मॅनिटोबा प्रांतानं, यावर दोन्ही सरकारं भांडत राहिली. दोन वर्षांहून अधिक काळ भांडत राहिली. २००५ साली पाच वर्षांचा जॉर्डन रुग्णालयातच वारला. घरी त्यानं एक दिवसही काढला नव्हता. २००७च्या डिसेंबरात संसदेनं एकमतानं ठराव केला, की मुलाच्या सेवेसाठी ज्या सरकारकडे आधी विचारणा होईल त्यानं आधी पैसे द्यावेत आणि भांडण मागाहून करावं. याला जॉर्डनचं तत्त्व म्हणतात. ठराव झाला तरी अंमलबजावणी इतकी कंजुषीची, की २०१६ साली मानवी हक्क न्यायाधिकरणाला हा भेदभाव आहे असा निवाडा द्यावा लागला.

चौथा आक्षेप मात्र मला मान्य आहे, किंबहुना तो माझाच आहे. सोबती हे काही सगळ्यावरचं औषध नव्हे. बाळंतिणीसोबत तिची आई गेली तर घरच्या धाकट्यांना कोण सांभाळणार? आठवड्यातून तीनदा डायलिसिस घ्यावं लागणाऱ्या माणसासोबत कोण, किती वर्षं राहणार? जन्मभर? इथं प्रवाससाहाय्य अपुरं पडतं, आणि प्रश्न उलटा विचारावा लागतो. माणसालाच का हलवायचं? उपचार हलवता येतो का? क्वेबेकच्या उत्तरेला पुविर्निटुक नावाची इनुइट वस्ती आहे. १९८६ साली तिथल्या बायकांच्या आग्रहामुळं प्रसूतिकेंद्र सुरू झालं आणि इनुइट सुइणींना तिथंच आधुनिक शिक्षण मिळू लागलं. अवघड केस कोणती, दक्षिणेला कोणाला पाठवायचं, हे त्या आणि डॉक्टर मिळून ठरवू लागल्या. पुढं शेजारच्या इनुकजुआक आणि सालुइतमध्येही केंद्रं निघाली. हो, तेच इनुकजुआक. त्या किनाऱ्यावरची बहुसंख्य बाळं आता त्याच प्रदेशात जन्मतात, आणि त्यामुळं माता किंवा बाळं अधिक दगावू लागली, असं काही झालेलं नाही. ऑस्ट्रेलियाच्या वाळवंटातली किंटोरची गोष्टही अशीच. मूत्रपिंड निकामी झालेल्या पिंटुपी लोकांना पाचशे किलोमीटरवरच्या ॲलिस स्प्रिंग्जला कायमचं जाऊन राहावं लागे, आणि माणसं तिथं झुरून मरत. २००० साली त्यांच्या चित्रकारांनी चित्रं काढून सिडनीच्या कलादालनात लिलावाला लावली. दहा लाख डॉलरांहून जास्त रक्कम उभी राहिली आणि २००४ साली डायलिसिसचं यंत्र किंटोरला आलं. सरकारनं अशा दुर्गम डायलिसिससाठी आपल्या विमायोजनेत रीतसर तरतूद केली ती २०१८ साली. आधी चित्रं विकावी लागली.

हे सगळं आपल्यापासून फार दूरचं आहे का? पावसाळ्यात पर्लकोटा नदीला पूर आला की गडचिरोलीतलं भामरागड तुटतं, हे दरवर्षी आपण वर्तमानपत्रात वाचतो. बांबूला बांधलेल्या झोळीतून गर्भवतीला नेल्याची छायाचित्रंही पाहतो, आणि आपल्याला लाज वाटते, वाटायलाच हवी. पण त्या छायाचित्रात नीट पाहिलं तर झोळीभोवती चार-सहा माणसं दिसतील. वाहन नाही, पण सोबत आहे. रस्ता झाला, रुग्णवाहिका आली, की ती चार-सहा माणसं गळू नयेत एवढं आपल्याला पाहायचं आहे. आपल्याकडे याचं भान काही ठिकाणी आहे. कॅन्सरच्या पेशंटला रेल्वेची सवलत मिळते तेव्हा त्याच्या एका सोबत्यालाही मिळते. टाटा रुग्णालयात येणाऱ्या पेशंटच्या नातेवाइकांना दादरच्या गाडगे महाराज धर्मशाळेचा आधार असतो. आदिवासी भागात प्राथमिक आरोग्यकेंद्राजवळच्या ‘माहेरघरा’त गर्भवतीला आधीपासून येऊन राहता येतं, आणि तिच्याबरोबर घरचं माणूसही राहू शकतं, हे नाव ज्याला सुचलं त्याला निम्मा प्रश्न कळला होता. २०११पासून जननी-शिशु सुरक्षा कार्यक्रमात बाळंतिणीला दवाखान्यातून घरी सोडायचं वाहनही फुकट आहे, म्हणजे परतीचा प्रवासही उपचारात धरला आहे. कागदावरचं हे सगळं प्रत्येक पाड्यापर्यंत पोचतं असं मी म्हणणार नाही. आणि त्यात एक रकाना आपल्याकडेही अजून बहुतेक ठिकाणी कोरडाच आहे: सोबत्याची बुडालेली मजुरी. जो रोजावर जगतो त्याला फुकट गाडीत बसणंही परवडत नाही.

गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनी ‘सर्च’ या आपल्या संस्थेचा दवाखाना उभारताना आधी गोंड लोकांना विचारलं, की तुम्हाला मोठ्या दवाखान्याची भीती का वाटते. उत्तरांत एक उत्तर असं होतं, की तिथं आमच्या माणसांना आमच्याजवळ राहू देत नाहीत. म्हणून संस्थेच्या परिसरातला, शोधग्रामचा, दवाखाना झोपड्यांच्या वस्तीसारखा झाला. पेशंटचं सगळं घर तिथं उतरू शकतं आणि दवाखान्याला देवीचं, दंतेश्वरीचं, नाव आहे. त्याच संस्थेनं पुढं नवजात बाळांची काळजी गावातल्याच बाईला शिकवून घरापर्यंत नेली, आणि बालमृत्यू घटल्याचं जगाला दाखवलं. नुनावुत आणि गडचिरोली यांच्यात साम्य दाखवायचा सोस मला नाही. हवामान वेगळं, इतिहास वेगळा, पैसा तर फारच वेगळा. फक्त विचारलेला प्रश्न एक निघाला, आणि उत्तरही.

२०१९च्या मार्चमध्ये कॅनडाचे तत्कालीन पंतप्रधान जस्टिन ट्रूडो इकालुइतला गेले आणि क्षयाच्या साथीत इनुइट लोकांना जे भोगावं लागलं त्याबद्दल त्यांनी सरकारच्या वतीनं माफी मागितली. त्याच दिवशी ‘नानिलावुत’ या उपक्रमाची घोषणा झाली. या शब्दाचा अर्थ, ‘आपण त्यांना शोधू या’. सॅनेटोरियममध्ये गेलेली आणि परत न आलेली माणसं कुठल्या शहरात, कुठल्या दफनभूमीत, कितव्या रांगेत आहेत, हे जुन्या कागदांवरून, बिल्ल्यांच्या क्रमांकांवरून शोधून त्यांच्या घरच्यांना कळवायचं, हे त्याचं काम. नाव सापडलं की घरच्यांना त्या थडग्यापर्यंत जाता यावं, तिथं नावाची पाटी लावता यावी, यासाठी मदत आहे. आई जहाजावरून गेली तेव्हा किनाऱ्यावर उभी असलेली मुलं आज सत्तरी-ऐंशीच्या घरात आहेत. त्यांच्यापैकी काहीजण आता विमानात बसून दक्षिणेला जातात. वय झालेलं असतं, गुडघे दुखत असतात, इंग्रजी येतं-न येतं, म्हणून नातू किंवा मुलगी त्यांच्यासोबत असते.